धुतलेली तलवार

बाळांनो,

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी विचारलंत, "आजी, पहिल्या फोटोत तलवारीवर लाल अक्षरं आहेत, दुसऱ्या फोटोत नाहीत. व्हाय?" मी "नंतर सांगेन" म्हणून विषय बदलला, कारण आजोबा शेजारी बसून गालातल्या गालात हसत होते. आता ते खाली खुबूस, म्हणजे इथली रोटी, आणायला गेले आहेत, म्हणून लिहायला बसले आहे. आई-बाबांकडून वाचून घ्या. मी क्रमाने सांगते, म्हणजे मध्ये प्रश्न पडणार नाहीत.

इथे कुवेतमध्ये, सालमियातल्या आमच्या इमारतीत, आमच्या समोरच्या दारात एक नर्स राहते. ती मलेशियातली चिनी आहे. रिटायर होण्याआधी मी ज्या हॉस्पिटलात फायली सांभाळायचे, तिथेच ती डायलिसिस विभागात आहे. तिचा नवरा तेलाच्या साइटवर असतो, दोन आठवडे तिकडे आणि दोन आठवडे घरी. ती मला आंटी म्हणते. आमचं बोलणं अर्धं इंग्रजीत आणि अर्धं तिच्या वॉर्डातल्या हिंदीत चालतं. त्या हिंदीत 'चलो', 'खतम' आणि 'पानी कम पियो' एवढेच शब्द पक्के आहेत, पण तिचं काम भागतं.

गेल्या वर्षी तिला दिवस गेले. ह्याआधी दोनदा गेले होते आणि दोन्ही वेळा पाचव्या महिन्याच्या आत सगळं संपलं होतं. तुम्ही आता हे समजण्याइतके मोठे आहात. ह्या वेळी तिने इमारतीत कोणालाच सांगितलं नाही. मला सांगितलं ते लिफ्टमध्ये, दार बंद झाल्यावर, आणि वर पोचेपर्यंत माझा हात सोडला नाही.

तिचे वडील त्यांच्या गावातल्या ताओ पंथाच्या एका लहान देवळाचे पुजारी आहेत. आता फार थकले आहेत, प्रवास होत नाही. लेकीची बातमी कळल्यावर त्यांनी एका नातेवाइकाबरोबर एक तलवार पाठवली. दीड वीत लांब, पीचच्या लाकडाची, मुठीला लाल गोंडा. पात्याच्या एका बाजूला वरपासून खालपर्यंत लाल अक्षरं होती, एका लाल दगडाची पूड कालवून ब्रशने लिहिलेली. तिने ती झोपायच्या खोलीच्या दारावर टांगली होती.

"हिला धार नाही," मी पात्यावरून बोट फिरवत म्हटलं.

"धार कशाला, आंटी? भुतांना रक्त नसतं."

"मग ती लाकडाला कशी घाबरतात?"

तेव्हा तिने मला गोष्ट सांगितली. फार पूर्वी समुद्रातल्या एका डोंगरावर पीचचं अवाढव्य झाड होतं. त्याच्या फांद्यांमध्ये भुतांची ये-जा करायची वाट होती आणि त्या वाटेवर दोन भाऊ पहारा करायचे. दुष्ट भूत दिसलं की ते त्याला गवताच्या दोरीने बांधून वाघापुढे टाकायचे. तेव्हापासून भुतांना पीचचं लाकूड दिसलं तरी पुरतं.

"म्हणजे आपल्या जमियात पीचच्या पेट्या येतात, त्या आठवड्यात तिथे एकही भूत नसणार," मी म्हटलं. जमिया म्हणजे आमचं कोपऱ्यावरचं सहकारी दुकान.

"कॅशियर असतो की," ती म्हणाली.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली बाई. पण हसले ती कॅशियरला, तलवारीला नाही. आपल्याकडेही लाकूड म्हणजे नुसतं लाकूड नसतंच. होमाला समिधा लागतात त्या ठरलेल्या झाडांच्याच. तुमच्या बाबाच्या मुंजीत त्याच्या हातात पळसाचा दंड दिला होता. तो त्याचं रक्षण करणार होता. त्याने त्याच संध्याकाळी त्याची बॅट केली.

मी तलवारीचा फोटो काढून तुम्हाला पाठवला. तो पहिला फोटो. आणि महिनाअखेरीला, माझ्या सवयीप्रमाणे, फोनमधले सगळे फोटो पुसून टाकले.

सातव्या महिन्यात तिचा रक्तदाब वाढला. डॉक्टरांनी तिला ठेवून घेतलं. नवरा साइटवर होता. तिने घराची किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "आंटी, झाडांना पाणी तेवढं घाला." तेवढंच सांगितलं होतं, हे मी प्रामाणिकपणे लिहिते.

दोन दिवसांनी मोठं धुळीचं वादळ आलं. दुपारी आकाश विटकरी झालं आणि बंद खिडक्यांतूनही घरात पिठासारखी धूळ साचली. माझं घर पुसून झालं तसं मी तिचं उघडलं. बाळ ह्या घरात येणार, ह्या धुळीत येणार, हे मला बघवेना. पडदे काढले, पंखे पुसले, मसाल्याचे डबे उतरवून लेबलं एकाच दिशेला केली. शेवटी दारावरची तलवार खाली घेतली. गोंड्यात धूळ, मुठीवर धूळ, आणि मुठीवर लाल ठिपके.

आता माझी चूक कुठे झाली ते सांगते. आपल्या घरात लाकडावरचं लाल म्हणजे कालचं कुंकू. ते आधी पुसायचं आणि मग आजचं लावायचं. चाळीस वर्षं माझा हात देव्हाऱ्यावर हेच करत आला आहे. पात्यावरची अक्षरं मला दिसत होती, पण तो रंग पक्का असेल असं मी धरून चालले. पाट आणि चौरंग भिजवते तशी मी ती तलवार कोमट पाण्यात साबण घालून टबात ठेवली आणि खिडक्यांच्या काचा पुसायला गेले.

परत आले तेव्हा पाणी गुलाबी झालं होतं.

एका अक्षराची फक्त खालची शेपटी उरली होती. ती वाचवावी म्हणून मी घाबरून टॉवेलाने टिपायला गेले, आणि तीही टॉवेलावर आली.

संध्याकाळी आजोबा घरी आले तेव्हा तलवार आमच्या जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रावर वाळत होती आणि मी तिच्यासमोर बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"खोबरेल तेल लावलंस का?" त्यांनी विचारलं.

"लावलं."

"मग पॉलिश छान आलंय."

"अहो, ही थट्टेची वेळ आहे का?"

"नाही. म्हणून तर उपाय सांगतो. फोटो आहे ना तुझ्याकडे?"

माझ्याकडे नव्हता. म्हणून त्या रात्री मी तुम्हाला मेसेज केला होता की तलवारीचा फोटो परत पाठवा. तुम्ही एका मिनिटात पाठवलात, "हिअर आजी" आणि एक अंगठा. कारण विचारलं नाहीत, ह्याबद्दल आभार. विचारलं असतंत तर तेव्हा खरं सांगितलं असतं की नाही, सांगता येत नाही.

आजोबांनी आयुष्यभर पाइपांची ड्रॉइंगं काढली आहेत. त्यांनी फोटो बरोबर तलवारीच्या मापाला मोठा करून छापला, वर ट्रेसिंग पेपर ठेवला आणि पहिलं अक्षर असं उतरवलं की मी बघतच राहिले. मी वाटीत कुंकू तेलात कालवलं.

"एका मिलिमीटरचाही फरक पडणार नाही," ते म्हणाले. "मूल होऊ दे. मग सांग, नाहीतर सांगूही नकोस. तिला आत्ता धक्का बसला तर काय करशील?"

हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. रक्तदाब वर जाणं म्हणजे काय, हे मी इतक्या वर्षांत फायलींमधून वाचलं होतं. मी ब्रश हातात घेतला. तेवढ्यात तिचाच फोन आला. आवाज दमलेला होता, पण आनंदात होती. आजचा रक्तदाब बरा आहे, बाळ लाथा मारतंय, जेवणातला भात कच्चा होता. आणि मग म्हणाली, "आंटी, इथे झोप लागत नाही. मग मी डोळे मिटून आमचं दार आठवते. बाबांची अक्षरं एकेक करून वाचते. शेवटच्या अक्षरापर्यंत कधी पोचतच नाही, त्याच्या आधीच झोप लागते."

मी फोन ठेवला आणि कुंकवाची वाटी धुऊन टाकली. आजोबांनी ट्रेसिंग पेपर मात्र जपून ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी हॉस्पिटलात गेले. ती डाव्या कुशीवर झोपली होती, पोटावर पट्टा आणि बाजूला बाळाच्या ठोक्यांचं मशीन. मी आधी सिस्टरला रक्तदाब मोजू दिला. बरा होता. मग सांगितलं. कारणं दिली नाहीत, फक्त काय केलं ते सांगितलं, साबणासकट.

तिने डोळे मिटले. मशीनवरचे ठोके एकसारखे चालू होते. मी तेच ऐकत उभी राहिले.

"बाबांचे हात आता थरथरतात," ती म्हणाली. "ही अक्षरं लिहायला त्यांना तीन दिवस लागले. ह्यानंतर मी लिहिणार नाही म्हणाले होते." आणि तिने तोंड भिंतीकडे केलं.

मी तिच्यासाठी आणलेला जेवणाचा डबा टेबलावर ठेवून घरी आले. त्यानंतर दोन दिवस तिचा फोन नाही, मेसेज नाही. मी समोर जाऊन झाडांना पाणी घालत होते. तेवढंच.

तिसऱ्या दिवशी सकाळी मेसेज आला: "आंटी, अकरा वाजता या. तलवार घेऊन या."

पोचले तेव्हा ती उशीला टेकून बसली होती. रक्तदाब वाढला नव्हता, हे मी कागदावर पाहिलं आणि मगच बसले. तिने फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केला होता. पडद्यावर एक बारीकसे म्हातारे गृहस्थ, पांढरी बंडी, मागे धुराने काळवंडलेलं देऊळ. मी तलवार फोनसमोर धरली. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं. मग दोन लाकडी ठोकळे हातात घेतले. काजूगराच्या दोन फोडी असतात ना, तसे, एका बाजूने सपाट आणि एका बाजूने फुगीर, फक्त तळहाताएवढे.

"हे कशाला?" मी हळूच विचारलं.

"देवाला विचारतायत, तलवार अजून पहाऱ्यावर आहे का. एक सपाट आणि एक फुगीर पडलं तर हो. दोन्ही फुगीर वर आले तर नाही."

म्हणजे कौल! आमच्या कोकणातल्या गावी देवाच्या मूर्तीला फुलाच्या पाकळ्या चिकटवून कौल लावतात. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मला मुंबईला शिकायला पाठवावं का, ह्याचाही माझ्या वडिलांनी कौल लावला होता. तासभर एकही पाकळी पडेना. शेवटी गुरव म्हणाला, "देव इचार करताहा, पोरीच्या तिकिटाची घाई करू नको." मी तेव्हा चिडले होते. त्या दिवशी हॉस्पिटलात मात्र मी श्वास रोखून त्या दोन ठोकळ्यांकडे बघत होते.

ठोकळे जमिनीवर पडले. दोन्ही सपाट बाजू वर.

"हे काय?"

"देव हसतोय," ती म्हणाली.

"हसतोय म्हणजे?"

"म्हणजे उत्तर देत नाही. हसतोय."

त्यांनी पुन्हा टाकले. पुन्हा दोन्ही सपाट. आता ते स्वतःच हसायला लागले, पुढचे दोन दात नसलेलं हसू, आणि त्यांच्या भाषेत भराभर काहीतरी बोलले. ती दोन दिवसांत पहिल्यांदा हसली. पोट हलू नये म्हणून हाताने धरून हसली.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, त्या बाईंना सांग, इतकी स्वच्छ तलवार आमच्या देवळातही नाही. देवालासुद्धा कधी कुणी साबण लावला नव्हता."

तिसऱ्यांदा ठोकळे पडले. एक सपाट, एक फुगीर.

त्यांनी वाकून जवळून पाहिलं, मान डोलावली आणि बराच वेळ बोलले. तिने मला थोडक्यात सांगितलं. पहारा लाकूड करतं. अक्षरं म्हणजे लाकडाला दिलेला हुकूम, आणि हुकूम एकदा ऐकला की पहारेकऱ्याला तो पुन्हा वाचून दाखवावा लागत नाही. कोणी वरून रंगवू नये. आजोबांच्या ट्रेसिंगचं मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "पण मला झोपताना वाचायला काय राहिलं?"

तेव्हा मी पर्समधून तुम्ही पाठवलेला फोटो काढला. वाटेत दुकानात थांबून मोठा छापून घेतला होता. तिने तो उशीखाली ठेवला.

तिला मुलगी झाली. थोडी लवकर आली, थोडी लहान, पण आवाज मोठा. चौथ्या दिवशी दोघी घरी आल्या. पाचव्या दिवशी मी आणि आजोबा वाटीत खीर घेऊन गेलो. आपल्याकडे पाचव्या दिवशी बाळाच्या उशाशी विळा ठेवतात, बाळाच्या वाटेला कुणी जाऊ नये म्हणून. तुमच्या बाबाच्या उशाशीही ठेवला होता. हे मी तिला एकदा सहज सांगितलं होतं. तिने लक्षात ठेवलं होतं.

"आंटी, विळा आणलात?"

"छे, गं. लोखंडाला धार असते, एवढ्याशा बाळाजवळ कशाला."

ती उठली, दारावरची तलवार काढली आणि माझ्यासमोर धरली. "मग ही ठेवा. तुम्हीच ठेवा."

मी घ्यायला हात पुढे केला, तर तिने तलवार मागे घेतली.

"हात कोरडे आहेत ना?"

कोरडे होते. तरी मी ओढणीला पुसले आणि तलवार बाळाच्या उशाशी ठेवली, अक्षरं होती ती आता कोरी बाजू वर करून. खोबरेल तेलाचा वास अजून येत होता. आजोबांनी तेव्हा काढला तो तुमचा दुसरा फोटो. कोपऱ्यात दिसतो तो माझा अंगठा आहे.

आता एक काम सांगते. तुमच्याकडचा पहिला फोटो डिलीट करू नका. फोन बदललात तर नव्या फोनमध्ये घ्या. ती अक्षरं आता पुन्हा कोणी लिहिणार नाही, आणि मी फोनमध्ये काय ठेवते आणि काय पुसते, ते तुम्हाला माहीत आहे.