आण्णांच्या गाडीचा ब्रेक

दोन महिन्यांपूर्वीचा रविवार. जामखेडजवळच्या आमच्या गावी मी अजून अंथरुणातच होतो... फोन वाजला. आण्णांची व्हॅन गावाबाहेरच्या वळणावर थांबली होती आणि शेजारी बसलेल्या रशीदचाचांचा हात मोडला होता.

आण्णा म्हणजे माझे वडील. वय एकाहत्तर. तीस वर्षं एकच जुनी, गोल तोंडाची व्हॅन घेऊन आठवडी बाजारांना जायचे, आणि तीस वर्षं रशीदचाचा बांगड्यांच्या पेट्या मागे टाकून त्यांच्या शेजारी बसायचे.

त्या गाडीला पॉवर ब्रेक नव्हता. पेडलवर अक्षरशः उभं राहावं लागायचं, तेव्हा कुठे ती थांबायची. एरवी आण्णा गिअरवरच गाडी आवरायचे. तरी घरी आले की उजव्या गुडघ्याला तेल चोळत बसायचे... बघवायचं नाही.

मी सुप्याला एमआयडीसीत नोकरी करतो. सर्व्हिसिंगच्या नावाखाली गाडी नगरला नेली आणि ब्रेकला बूस्टर बसवून आणला. आता नुसता पाय टेकवला की काम व्हायचं. शनिवारी संध्याकाळी गाडी दारात लावली आणि मुद्दाम गप्प बसलो. सकाळी स्वतः शेजारी बसून त्यांना चालवायला लावायचं, त्यांचा चेहरा बघायचा... सरप्राईज!

मी उठायच्या आत आण्णा बाजाराला निघाले होते.

वळणावर शेळी आडवी आली. आण्णांनी सवयीने सगळं वजन पायावर टाकलं, गाडी जागेवर खिळली आणि चाचा समोरच्या पत्र्यावर आदळले. उजवं मनगट. बांगड्या भरणाऱ्या माणसाचं उजवं मनगट...

दवाखान्यात चुलतभाऊ सगळ्यांसमोर म्हणाला, "आण्णा, बास आता. वय झालं तुमचं."

आण्णांनी मान खाली घालून किल्ली माझ्या हातात दिली. "लई जोरात दाबला गेला बघ. पायाचा अंदाजच ऱ्हायला न्हाई."

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी किल्ली खिशात टाकली.

गाडी मीच घरी आणून लावली आणि सुप्याला परत आलो. आठ दिवस ड्युटी केली, जेवलो, झोपलो. आई फोनवर सांगायची, आण्णा रोज चाचांच्या घरी जाऊन बसतात, त्यांना हाताने भरवतात... मी "हो हो" म्हणून फोन ठेवायचो.

पुढच्या रविवारी चाचांच्या घरीच दोघांसमोर सगळं सांगून टाकलं. चाचांनी प्लास्टरमधला हात मांडीवर नीट घेतला आणि एवढंच विचारलं, "आठ दिस ह्यो रोज माजी माफी मागतोय. तुला एक फोन करता आला न्हाई व्हय रं?"



घरी येऊन किल्ली आण्णांपुढे ठेवली. त्यांनी हात लावला नाही. "चूक तुजी हुती, कळलं मला. राग बी न्हाई. पन आठ दिस मी माज्याच पायावर शक घेतला... त्यो काय आता जात न्हाई."

चाचांचं प्लास्टर निघालं, पण मनगट पूर्वीसारखं वळत नाही. बाजारात बांगड्या आता त्यांची सून भरते, चाचा पेटीपाशी बसून असतात. दोघी-तिघी जुन्या गिऱ्हाइकांनी त्यांच्याच हातून भरून घ्यायचा हट्ट धरला, तेव्हा ते उठून बाहेर गेले म्हणे...

गावात अजूनही लोक आण्णांच्याच पायाला नावं ठेवतात. तुमच्यातले बरेच जण गावचेच आहेत, म्हणून हे इथे लिहितोय. तीस वर्षांत त्यांच्या हातून एकही अपघात झाला नाही, आणि हाही त्यांचा नाही... माझा आहे.

चौकात आण्णा भेटले तर तुम्हीही त्यांना हे सांगा. माझ्या एकट्याच्या सांगण्याने त्यांना पटत नाही.