तिच्या जटा आणि माझा टॉर्च

"काका, टॉर्च मारा," म्हणत ती माझ्या काउंटरवर डोकं टेकवायची. भर दुपारी, गिऱ्हाईक उभं असताना. मग मी मोबाइलचा टॉर्च लावून तिच्या जटांमधल्या भांगांत कोंडा शोधायचो. इतकी वर्षं महाडात औषधांचं दुकान चालवतोय, पण असलं काम कुणी सांगितलं नव्हतं. मी "नाही काही" म्हटलं, की डोकं न उचलताच ती विचारायची, "कानामागे बघितलंत?"

ती इथून जवळच्या कापडे गावची. माझ्या दुकानाच्या वर लॅब आहे, तिथे रक्त काढायला होती. हात इतका हलका, की सुई कधी गेली ते कळायचं नाही. एकदा रजा काढून मुंबईला मैत्रिणीकडे गेली आणि डोकंभर केसांच्या जटा वळून, ड्रेडलॉक करून आली. सुतळीसारखे, वीतभर. मी विचारलं, "हे काय गं? नवस बोललीस का?"

"आवडतात, काका."

बस, एवढंच. लोकांना मोठं कारण हवं असायचं आणि तिच्याकडे ते नव्हतं.

अडचण अशी, की रक्त काढायला ती वाकली की तिचं डोकं थेट पेशंटच्या नाकासमोर. आणि तिला कोंडा होता, अगदी शाळेपासूनचा. एका बाईने टेबलावर पडलेला कोंडा लॅबच्या डॉक्टरांना बोट करून दाखवला. डॉक्टर माणूस वाईट नाही, पण त्यांनी सरळ सांगितलं, महिनाभर बघतो, पुन्हा दिसला तर केस काप नाहीतर दुसरी नोकरी बघ. ती खाली आली, माझ्याकडून पाणी मागून प्यायली आणि म्हणाली, "केस कापणार नाही. नोकरीपण सोडणार नाही."

इथे मी शहाणपणा केला. म्हटलं, तेल चोपड, सगळं बसतं. आमच्या आईने आम्हाला तेच केलं. आठवड्यात कोंडा दुप्पट झाला, तोही चिकट, जटांत रुतलेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती मात्र मला एका शब्दाने बोलली नाही. त्वचेच्या डॉक्टरांकडे जाऊन आली, चिठ्ठी माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, तेल बंद.

मग सुरू झाली तिची शिस्त. औषधी शाम्पू पाण्यात पातळ करून चोचीच्या बाटलीत भरायचा. जटा बाजूला सारून चोच थेट कातडीला लावायची. नखं नाहीत, बोटांच्या पेरांनी चोळायचं, पाच मिनिटं घड्याळ लावून थांबायचं. मग पाणी, पाणी आणि पाणी, कारण आत राहिलेला फेससुद्धा वाळून कोंड्यासारखाच पडतो. खरी परीक्षा वाळवायची होती. श्रावणात आमच्याकडे हातरुमाल चार दिवस वाळत नाही, तिथे जटा काय वाळणार! ओल्या राहिल्या तर कुबट वास. म्हणून जेवणाच्या सुट्टीत ती माझ्या टेबल फॅनकडे पाठ करून स्टुलावर बसायची, डबा खात एकेक जट पिळून बघायची. गिऱ्हाइकं विचारत, ही कोण? मी सांगायचो, वाळवण घातलंय.

महिना भरत आला होता. मी वर काहीतरी सामान द्यायला गेलो होतो, म्हणून पुढचं डोळ्यांनी पाहिलं. डोंगरातल्या कुडपण गावची एक आजी साखर तपासायला आली होती. हिच्या जटा दिसल्या आणि ती म्हातारी थेट पायाच पडली. ही घाबरून मागे सरली. आजीला उठवून खुर्चीत बसवलं आणि सांगितलं, माझ्या डोक्यात देवी नाय, नुसते केस हायत, मी ते धुते.

"धुतंस?" आजीने विचारलं. "मग ती कोपत नाय?"

आणि तिने पदर मागे घेतला. डोक्यावर कित्येक वर्षांची घट्ट जट, आणि जटेखाली खाजवून खाजवून सोललेली कातडी. बघवेना. हिने आपलं डोकं आजीच्या मांडीपाशी नेलं.

"हात लावून बघ, आजी."

आजीने भीतभीत बोटं फिरवली, वास घेतला. म्हणाली, "निर्मळ हाय गो." डॉक्टर दारात उभे होते. महिन्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

आजीला कापायला तिने सांगितलं नाही. जट ठेवायची की काढायची ते तू ठरव, खाज मात्र आपण घालवू, एवढंच म्हणाली. आधी तिला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं, जखमा सुकल्यावर एका रविवारी कुडपणला जाऊन स्वतः आजीचं डोकं धुतलं. धुताना आजी सारखी देवीची माफी मागत होती म्हणे. देवी काही कोपली नाही.

गेल्या वर्षी हिला पुण्याच्या हॉस्पिटलात नोकरी लागली, जटांसकट. आता त्या खांद्याखाली आल्यात. जाताना दुसरी चोचीची बाटली आजीसाठी माझ्याकडे ठेवून गेली. फॅनपुढचं स्टूल रिकामं असतं. खोटं कशाला बोलू, मला करमत नाही.

आजी बाजाराला आली की माझ्या काउंटरवर डोकं टेकवते. परवाही टेकवलं. "बग रे, पडतंय काय?" मी जट उचलून टॉर्च मारला, काही नव्हतं. फोटो काढून पुण्याला पाठवला, खाली लिहिलं, एकदम स्वच्छ.

लगेच उत्तर आलं, "कानामागे बघितलंत?"

बघितलं नव्हतं. "आजी, जरा मान वळव," म्हटलं आणि टॉर्च पुन्हा लावला.