बिशपांच्या यादीत नसलेले याकोब मास्तर

कोल्हापूरला मी गेलो तो एका फोटोसाठी. नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमच्या कॅथलिक धर्मप्रांताचा (बिशपांच्या अखत्यारीतल्या मुलखाचा) इतिहास पुस्तकरूपानं निघायचा होता आणि निवृत्त मराठी शिक्षक म्हणून तो लिहायचं काम समितीनं माझ्या गळ्यात घातलं होतं. इतिहास म्हणजे काय, तर बिशपांची रांग. आधीचे दाढीवाले गोरे, मग आपल्यातले. प्रत्येकाचं एक प्रकरण: जन्म, दीक्षा, उभारलेली चर्चं, निधन. जुने अहवाल समोर ठेवून मी ते सगळं लिहून काढलं होतं. शिरोळकडच्या एका खेड्यातल्या लहानशा चर्चचा फोटो तेवढा कुणाकडे नव्हता. तो आणावा म्हणून कॅमेरा आणि पुस्तकाची कच्ची छपाई पिशवीत टाकून मी निघालो.

सकाळी कोल्हापूर स्टेशनात उतरलो. शाहूपुरीतल्या एका लॉजवर आंघोळ उरकली आणि खालच्या हॉटेलात मिसळ मागवली. पहिल्याच घासाला कट (वरचा तिखट रस्सा) डोळ्यांतून वाहू लागला. मालक गल्ल्यावरूनच ओरडला, "पावणं, दही देऊ काय? का पाव खाऊनच उठताय?" सगळं हॉटेल माझ्याकडे बघून हसलं. मी दही घेतलं.

नृसिंहवाडीची एसटी पौर्णिमेच्या भाविकांनी गच्च भरली होती. मी अलीकडचंच तिकीट मागितलं, तसा कंडक्टर थबकला.

"वाडीला न्हाय? मग मधीच कुठं उतरताय?"

"त्या बाजूला एक चर्च आहे, तिथं."

"येशूच्या देवळापाशी व्हय! सोडतो की."

त्यानं सोडलं, पण भलत्याच देवळापाशी. अंगण झाडणाऱ्या गृहस्थांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ह्ये आमचं प्रोटेस्टंट लोकांचं हाय. तुमचं पोपवाल्यांचं फुडं, दोन मैलांवर." मग कालव्याच्या कडेनं, दोन्ही बाजूंच्या उसातून चालत गेलो. आदल्या दिवशी पाऊस झाला होता. काळ्या मातीनं माझी एक चप्पल अशी धरली की ती ओढताना तिचा अंगठा तुटला. चर्चपाशी पोचलो तेव्हा एक पाय अनवाणी होता.

चर्च बसकं, दगडी, कौलारू. दारावर संगमरवरी पाटी आणि पाटीवर एकच नाव, बिशपांचं. मी फोटो काढला. तेवढ्यात किल्ल्यांचा जुडगा घेऊन एक बाई आल्या. सत्तरीच्या, ताठ, पांढरं लुगडं. गाव त्यांना नर्सबाई म्हणत असे. सरकारी दवाखान्यात त्यांची सगळी नोकरी झाली होती. त्यांचं नाव मोनिकाबाई.

"फोटू कशाला पायजे?" त्यांनी विचारलं.

मी कौतुकानं पुस्तकाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आमच्या गावचं काय लिवलंय? वाचा बघू."

पायरीवर बसून मी वाचू लागलो. 'बिशप महोदयांनी या गावी सुंदर मंदिर उभारले. आशीर्वादविधीच्या दिवशी ग्रामस्थांनी त्यांचे हर्षभराने स्वागत केले. विधीनंतर सर्वांचे प्रेमाचे सहभोजन झाले.'

"थांबा," मोनिकाबाई म्हणाल्या. "सहभोजन? कुणाचं कुणाबरूबर?"

मी ती ओळ पुन्हा वाचून पाहिली. ते वाक्य मी एका जुन्या अहवालातून जसंच्या तसं उतरवलं होतं.

मग त्यांनी सांगितलं. त्यांचे वडील याकोब मास्तर इथले धर्मशिक्षक होते. गावकुसाबाहेरच्या वस्तीत पहिल्यांदा अक्षरं त्यांनी नेली. मिस्सा (वेदीवरची मुख्य उपासना) म्हणायला फादर दोन-चार महिन्यांतून एकदा यायचे. बाकी प्रार्थना, आजाऱ्यांची विचारपूस, मयत, सगळं मास्तरच करायचे. नदीकाठचे दगड लोकांनी डोक्यावरून वाहून आणले, भिंती मास्तरांनी उभ्या करून घेतल्या.

"मी धा वर्साची असंन. बिशप येणार म्हणून घरोघर जेवान केलतं. माझ्या आईनं शेवया केलत्या, दोन दिस खपून. बिशप आलं, पाणी शिंपडलं, आशीर्वाद दिला. संगट शेरातली मोठी माणसं हुती. ती म्हणाली, ह्या वस्तीत जेवायचं न्हाय. बिशपांनी त्यांचं ऐकलं. मोटारीत डबं आणलं हुतं. चर्चात दार लावून जेवलं."

"दार लावून?"

"व्हय. आमी भाईर. मग माझा बा उठला, दार वाजवलं आनि समद्यांम्होरं इचारलं, 'स्वामी, आमच्या हातचा पाव वेदीवर चालतो, आन आमच्या घरची भाकरी चालत न्हाय व्हय?' आठ दिसांत पत्र आलं. काम बंद. घर खाली करा."

काम गेल्यावरही याकोब मास्तर गाव सोडून गेले नाहीत. दुसऱ्याच्या शेतावर राबले आणि संध्याकाळी पोरांना शिकवत राहिले, मरेपर्यंत. मोनिकाबाई त्याच वर्गात शिकून पुढं नर्स झाल्या. चर्चच्या दप्तरात त्यांच्या वडिलांचं नाव कुठंही नव्हतं.

त्या बिशपांचा संताप आला, डबे उघडून बसलेल्या त्या मोठ्या माणसांचा आला, पण सगळ्यात जास्त माझा स्वतःचा आला. आयुष्यभर वर्गात मुलांना 'कुणाचं उतरवून काढू नका' असं सांगणाऱ्या मी काय केलं होतं? एक खोटं उचललं, शुद्धलेखन तपासलं आणि पुढं ढकललं. त्या बिशपांवर मी सहा पानं लिहिली होती. त्यांच्या नम्रतेवर तर स्वतंत्र परिच्छेद होता!

दुपार झाली होती. मोनिकाबाई क्षणभर घुटमळल्या आणि म्हणाल्या, "आमच्यात जेवनार काय?"

त्यांच्या घरी भाकरी, खर्डा (हिरव्या मिरचीचा ठेचा) आणि हुलग्याचं माडगं (कुळथाच्या पिठाची पेज) जेवलो. निघताना मी अगदी भारावून काहीतरी बोलू लागलो, तसं त्यांनी मला तोडलं.

"तुमी जेवला, बरं झालं. पन त्यानं काय हुतंय, सर? त्ये पुस्तकात लिवा की."

परतीच्या गाडीत मी सहभोजनाचं वाक्य काट मारून काढलं आणि मोनिकाबाईंनी सांगितलेलं सगळं समासात लिहिलं. समितीच्या बैठकीत ते पान वाचून दाखवलं. अध्यक्ष फादर चष्मा पुसत म्हणाले, "सर, येशूजन्माला दोन हजार वर्षं होताहेत, हे आनंदाचं वर्ष आहे. त्यात ही जुनी दुखणी कशाला?"

"फादर, दुखणं जुनं नाही. त्या बाई जिवंत आहेत."

"पुरावा काय?"

"आणि सहभोजनाला काय पुरावा होता? ते तर तुम्ही सगळ्यांनी डोळे मिटून मान्य केलंत!"

माझा आवाज फार चढला असावा, कारण शेजारच्या खोलीतली टंकलेखनाची खडखड थांबली. दोन तास वाद झाला. दाराची आणि डब्यांची गोष्ट त्यांनी कापली. सहभोजन वगळायला आणि मास्तरांचं नाव घालायला मात्र ते कबूल झाले. त्याखेरीज माझं नाव मुखपृष्ठावर जाणार नाही, असं मी बजावलं होतं. हा विजय की हार, मला कळेना. तरी नाव येतंय म्हणून मी गप्प बसलो. ती माझी चूक झाली.

पुस्तक छापून आलं. गुळगुळीत कागद, बिशपांचे रंगीत फोटो. मी घाईघाईनं ते पान उघडलं. तिथं छापलं होतं: 'बिशप महोदयांच्या कृपाशीर्वादाने याकोब मास्तर यांनी या मंदिराची उभारणी केली.'

ज्या माणसानं त्यांना घराबाहेर काढलं, त्याचाच कृपाशीर्वाद! ते शब्द कुणी घातले हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. भांडलो, पत्रं लिहिली. 'पुढच्या आवृत्तीत पाहू' एवढं उत्तर मिळालं.

इतिहास लिहिणं म्हणजे थोरांची नावं ओळीनं मांडणं असं मी तोवर समजत होतो. त्या खेड्याला जायच्या प्रती मी समितीकडून मागून घेतल्या. टेबलाशी बसून प्रत्येक प्रतीतले कृपाशीर्वादाचे ते तीन शब्द शाईनं खोडले, खालचं अक्षर वाचता येणार नाही असे. गठ्ठ्याबरोबर मोनिकाबाईंना चिठ्ठी लिहिली: 'तुमच्या वडिलांचं नाव आलं आहे. बाकीचं त्यांनी येऊ दिलं नाही. खाडाखोड माझी आहे.'