भांडणारा हातमोजा

चाकणला कंपनीच्या बस थांब्यावर एक बाई कारखान्यात वापरतात त्या पांढऱ्या सुती हातमोज्यांच्या बाहुल्या विकायची. हातात बाहुली चढवूनच ती गिऱ्हाइकाशी बोलायची. सुटे पैसेसुद्धा बाहुलीच परत द्यायची.

घर आवरताना मी नातीची मोडकी बाहुली फेकून दिली होती. तीन दिवस ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. म्हणून मी महागडं खेळणं घेऊन निघालो होतो. खोक्यावर मुलांच्या सर्वांगीण विकासाची हमी होती. तो विकास तीन बॅटऱ्यांवर चालणार होता.

"काका, हे खेळणं रागावतं का?" बाईने विचारलं.

"नाही. इंग्रजी गाणी म्हणतं."

"मग लेकरानं राग काढायचा कुठं?" तिने माझ्या हातात एक मोजा चढवला. "ह्याच्याशी भांडून दाखवा, तरच देते."

उभी नोकरी क्वालिटी खात्यात गंभीर चेहऱ्याने काढलेला मी भर रांगेत मोज्याशी भांडू लागलो. मोजा सरस निघाला.

"काका, हार माना, बस आली," रांगेतला एक जण म्हणाला.

"थांब की राव, मोजा जिंकतोय," दुसरा म्हणाला.

हसून हसून मला ठसका लागला. बाई मात्र परीक्षकासारखी गंभीर होती. "पास," ती म्हणाली.

घरी नातीने मोजा हातात चढवला आणि अर्धा तास मला झापलं. "विचारल्याशिवाय आमचं काही फेकायचं नाही," मोजा म्हणाला. मी त्याची हात जोडून माफी मागितली. त्याने वळून नातीच्या कानात काहीतरी विचारलं, आणि मग सावकाश मान डोलावली.