कानकाकांनी अडवलेली चाल

कानकाकांना खरं नाव आहे, पण स्टुडिओत ते कुणी वापरत नाही. नवीन चाल आली की आधी त्यांच्याकडे जायची. ही आधी कुणी केलेली तर नाही ना, एवढंच त्यांनी सांगायचं, आणि त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा. बहुतेक संगीतकार मुद्दाम चोरत नाहीत हो! लहानपणी कुठेतरी कानावर पडलेलं असतं, ते आत मुरत राहतं आणि एक दिवस आपलंच म्हणून बाहेर येतं. म्हणून काका आधी चालीचे सगळे दागिने उतरवायचे. ठेका काढ, वाद्यं काढ, शब्द काढ. मग उरलेले सूर अगदी संथ गुणगुणायचे, गुडघे दुखणारा माणूस जिना चढतो तसे. आणि सापडायचंच! "अरे, हा तर त्या जुन्या गाण्याचा अंतरा, नुसता पळवलाय!" चाल कुणाची आहे हे त्यांना सांगत नसत. भीडभाड नको म्हणून.

तर एक दिवस एक चाल आली, नुसती कीबोर्डवर वाजवलेली. पहिल्या ओळीलाच काकांच्या अंगावर काटा आला. पुढचा सूर वाजायच्या आधी त्यांच्या ओठांवर!

"झालेली आहे," काका म्हणाले.

"कुठली?" स्टुडिओच्या मालकीणबाईंनी विचारलं.

"ते शोधून सांगतो. पण मला पुढची ओळसुद्धा येतेय, म्हणजे बघा!"

खरं तर नियम असा की मूळ गाणं दाखवल्याशिवाय नाही म्हणायचं नाही. पण काका कधी चुकलेच नव्हते ना! मालकीणबाईंनी कळवून टाकलं, चाल आधीची आहे, घेता येणार नाही.

आणि काकांना मूळ गाणं काही केल्या सापडेना. स्टुडिओतली जुनी रेकॉर्डिंग उलथीपालथी केली, जेवताना घास हातात धरून बसायला लागले. घरी तर त्यांचा कडक नियम, रेडिओ नाही, टीव्हीचा आवाज नाही, कानांना सुट्टी. त्या शांततेत बायको कपड्यांच्या घड्या घालत बसली होती आणि सहज काहीतरी गुणगुणली.

काका ताडकन उठले. "काय म्हणालीस?"

"कुठे काय? घड्या घालतेय."

"अगं ते गाणं! कुठल्या सिनेमातलं?"

"सिनेमातलं कसलं, आपल्या डोक्यावरचं आहे!" तिने छताकडे बोट दाखवलं. "वरच्यांची सूनबाई. बाळाला आंघोळ घालताना गाते. बाथरूमच्या खिडकीतून सगळं खाली येतं. तुम्हीपण दाढी करताना ऐकताच की रोज."

"मी घरी काही ऐकत नाही."

"हो, ते मला चांगलंच माहितीये!" मग तिचा आवाज उतरला. "चाल स्वतः बसवलीय हो पोरीने. किती महिने घासत होती. कुठेतरी पाठवली, तर त्या मेल्याने सांगितलं चोरलेली आहे. तेव्हापासून गप्पच. मला चुकल्यासारखं होतं म्हणून मीच म्हणत बसते."

"कुठल्या मेल्याने?"

"मला काय माहीत! असेल कुणी बहिरा."

काका मटकन बसले. थेट घड्या घातलेल्या चादरींवर. "मीच तो मेला," ते म्हणाले.

बायकोने त्यांचा फोन आणून हातात दिला.

"काका, गायिका संध्याकाळी दुसऱ्या चालीवर गाणार आहे," मालकीणबाई फोनवर म्हणाल्या. "आता कशाच्या जोरावर थांबवू?"

"माझ्या. मी चुकलो. ही चाल कच्ची होती तेव्हापासून मी ऐकलीय. मी साक्षीदार आहे तिचा."

मग काका वर गेले. सूनबाईने दार उघडलं, कडेवर टॉवेलात गुंडाळलेलं ओलं बाळ. काकांनी दारातच सगळं सांगून टाकलं. ती ऐकत राहिली आणि तिचे डोळे भरले.

"काका, मी माहेरची सगळी गाणी पुन्हा ऐकून काढली. मी कुठून चोरलं तेच शोधत होते. वाटलं, माझ्या डोक्यात माझं असं काही नाहीच!"

काकांना तोंड वर करवेना. "तुझंच आहे गं. आधी शेवटचा सूर वर जायचा. मग तू तो खाली आणलास, परत वर नेलास, परत खाली. चोरणारा एवढा घोळ घालत बसतो का?"

ती रडता रडता फिस्सकन हसली. "मग वरचा बरा होता का?"

"ते सांगणं माझं काम नाही."

"काका!"

"...बरा होता."

"धरा याला." बाळ काकांच्या हातात कोंबून ती कीबोर्डकडे पळाली. बाळाने जोरात भोकाड पसरलं, काकांचा शर्ट भिजला, आणि आतून आवाज आला, "रडू दे त्याला! तुम्ही ऐका!"