खबर ना

डिचोलीच्या बसस्टँडजवळ झेरॉक्सचं दुकान चालवणाऱ्या दाजींना लोक पाठीमागे ‘खबर ना’ म्हणायचे. आमच्याकडे ‘खबर ना’ म्हणजे ठाऊक नाही. सगळ्या तालुक्याला माहिती पुरवणाऱ्या माणसाचं हे नाव!

दुकानाबाहेरच्या भिंतीवर एक काळा फळा होता. कुठल्या अर्जाला कुठले कागद, कुठला साहेब कुठल्या वारी बसतो, हे दाजी स्वतः कचेरीत जाऊन बघत आणि खडूनं लिहीत. काम करून परतणाऱ्यांनाही सोडत नसत. “साहेबान कितें सांगलें?” विचारून फळा दुरुस्त करत. आमच्या मुळगावच्या बायका त्यामुळे एका फेरीत काम उरकून यायच्या. कुणी नवी बातमी आणली की दाजींचा प्रश्न ठरलेला, “पळोवन आयलाय काय आयकून?” स्वतः न पाहिलेल्या, ऐकीव गोष्टीला फळ्यावर जागा नव्हती. “खबर ना म्हणपाक लज कसली?” म्हणायचे.

खाण बंद पडली आणि तिथलं खनिज वाहणारा माझा ट्रक अंगणात येऊन बसला. तो विकत घ्यायला एक चांगला माणूस तयार होता. पण जो तो सांगत होता, पुढच्या महिन्यात सुरू होणार. उचलली जीभ, लावली टाळ्याला! शेवटी मी दाजींकडे गेलो. त्यांनी माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं. मग म्हणाले, “सुरू जातली रे. विकूं नाका.”

मी विकला नाही. खाण सुरू झाली नाही. टायरांवर वेल चढले, तो माणूसही दुसरीकडे गेला. एके सकाळी दाजी बसनं मुळगावला आले आणि ट्रकपाशी उभे राहिले. “तुजें तोंड पळयलें आनी खबर ना म्हणपाक जालें ना. माफ कर.” दुसऱ्या दिवशी फळ्यावर सगळ्यात वर लिहिलेलं होतं, ‘खाणीबद्दल मी सांगितलं ते चूक. मला खबर नाही.’ मी चिडायला हवं होतं. मला रडू आलं.

यंदा दाजी इस्पितळात होते. काही सांगता येत नाही, एवढंच डॉक्टर म्हणाले होते.

“घरा केन्ना सोडटले रे?” दाजींनी विचारलं.

‘उद्या’ हा शब्द माझ्या ओठांवर आला होता.

“खबर ना, दाजी.”

त्यांनी माझा हात धरला. “आतां फळो तूं बरय,” म्हणाले.

ते घरी आलेच नाहीत. फळा मी लिहितो. खरं सांगायचं तर दमतो. कचेरीचे जिने चढवत नाहीत आणि लोक मोबाईलवर आलेलं माझ्या नाकासमोर नाचवतात. रोज संध्याकाळी फळा पुसतो. सगळ्यात वरची ओळ तेवढी सोडतो. तिचा खडू उडत चालला, की त्यांच्याच अक्षरांवरून हलकेच गिरवतो.