बाबांनी डाव्या हातानं कोरलेलं पान

मंडळी, सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही, म्हणून तुम्हालाच विचारते.

चिखलीच्या एका काकूंसाठी मी सागवानी देव्हारा करतेय. त्याच्या महिरपीवर वळणदार पानांची वेल आहे. हे कोरीवकाम मला बाबांनीच शिकवलं. अर्धांगवायूनं त्यांचा उजवा हात गेला, तेव्हापासून त्यांनी पटाशी हातात धरली नव्हती.

आज मी चहा टाकायला आत गेले. परत येऊन पाहते तर बाबा डाव्या हातानं पान कोरत बसलेले! पानाचं टोक तुटलं होतं, मधली शीर भलतीकडेच गेली होती.

"पाह्य वं, जमलं ना मले?" चेहरा घामानं डबडबलेला, पण हसरा.

"हाव बाबा, जमलं," मी म्हटलं.

मग हळूच काकूंना फोन करून विचारलं, एखादं पान जरा वेगळं झालं तर चालेल का. त्या म्हणाल्या, "पोरी, देवाचं काम हाये. पानं सारखीच पाह्यजेत."

ते पान सुधारायला मी पटाशी उचलते आणि परत ठेवते. बाबा तिथून हलतच नाहीत.

आणि आत्ता विचारतायत, "दुसरं पान घेऊ का वं?"

तुम्ही काय सांगितलं असतं?